तळ्याकाठून उठलेला माणूस

१

सोमवारी सकाळी मिस्त्रीनं पडद्याच्या खोलीचं दार उघडलं, आत डोकावला आणि उलट्या पावली माझ्या टेबलापाशी आला.

"मावशी, वाटसरू जागेवर नाही."

माझ्या हातातलं पत्र हातातच राहिलं. नऊ महिन्यांत ज्याच्या शालीशिवाय काही हललं नव्हतं, तो माणूस जागेवर नाही म्हणजे काय?

आमचं मासिक व्हिडिओ गेमची परीक्षणं छापतं. मी वाचकांची पत्रं बघते. मला स्वतःला गेम खेळता येत नाही; तो रिमोट हातात घेतला की माझे अंगठे एकमेकांशी भांडतात. पण वीस वर्षं खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचतेय. माझं जे काही शिक्षण झालं ते या पत्रांवरच. माणूस कशाबद्दल कुरकुरतो ते वाचलं की तो कसा खेळतो ते मला कळतं, आणि थोडाफार कसा जगतो तेही.

वाटसरू हे आमच्या सगळ्यात जुन्या परीक्षकाचं टोपणनाव. ज्या गेममध्ये एक अख्खा मुलूख तुमच्यापुढे मोकळा टाकलेला असतो आणि कुठे जायचं ते तुम्हीच ठरवायचं, ते ओपन वर्ल्ड गेम त्याच्याकडे असायचे. शेवटचा होता 'धुक्याचा मुलूख'. त्यात कंदील घेतलेला एक प्रवासी असतो. नकाशावर सगळीकडे धुकं. आपण चालू तेवढ्याच पट्ट्यातलं विरतं. वाटेत दिव्याचे खांब असतात. एका खांबाला हात लावला की दुसऱ्या खांबापाशी थेट उडी मारता येते. सगळे मारतात. वाटसरूनं दोनशे बारा तासांत एकदाही मारली नाही. एका दुपारी त्यानं आपल्या प्रवाशाला तळ्याच्या काठावर उभं केलं, जेवायला घरी गेला, आणि जेवून उठता उठता त्याचं हृदय थांबलं.

प्रवासी उभाच राहिला. मशीन बंद करायचा कुणाला धीर झाला नाही. हळूहळू त्या प्रवाशालाच आम्ही वाटसरू म्हणायला लागलो. पडद्यावर त्याचे खांदे श्वासानं वरखाली व्हायचे. तिथे सकाळ व्हायची, बगळे यायचे, पाऊस पडून जायचा. दर बुधवारी चार वाजता वहिनी यायच्या, वाटसरूची बायको. खोलीच्या दाराशी चपला काढायच्या, तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी. अर्धा तास समोर बसायच्या. निघताना एवढंच म्हणायच्या, "बरा दिसतोय."

मी खोलीत गेले. पडद्यावर तळं नव्हतं. बर्फ होतं. एक दगडी घर, बंद दार, आणि दारापासून तीन पावलांवर तो. उभा नव्हता. कंदील शेजारी ठेवून, गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"मी बटणं दाबून पाहिली," मिस्त्री म्हणाला. "उठत नाही. आणि या गेममध्ये नोंद एकच राहते, मावशी. पुढचं पाऊल पडलं की मागचं पुसलं जातं. त्याला उचलून परत तळ्यावर ठेवता येत नाही."

बुधवार परवावर आला होता.

२

खोलीची किल्ली एकच. ती मिस्त्रीच्या खणात असते आणि खण उघडाच असतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. आम्ही सगळे म्हणजे पाचजण. संपादकांनी किल्ली मागून घेतली. रागावून नाही, नुसता हात पुढे केला. मिस्त्रीनं ती त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मग बराच वेळ आपला रिकामा खण आवरत बसला.

"मावशी, तुम्ही बघा जरा," संपादक मला म्हणाले. "तुमच्याशी लोक बोलतात." त्यांना स्वतःला पडद्याकडे दोन मिनिटं पाहिलं तरी गरगरतं; गेमच्या मासिकाचे संपादक म्हणून हे लपवायला त्यांना फार कष्ट पडतात. त्यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता.

पहिल्यांदा मी नकाशाताईला बोलावलं. ही पोरगी आमच्याकडे गेमचे नकाशे काढते: कुठे काय सापडतं, कुठून कुठे जायचं. बोटांना कायम शाई. तिनं प्रवाशाला हात न लावता नुसता नकाशा उघडला आणि श्वास रोखून पाहत राहिली.

धुक्यातून एक नवी रेघ निघाली होती. बारीक, शाईच्या टाकानं ओढावी तशी. तळ्यापासून निघालेली, पलीकडच्या गावातून गेलेली, कुरणातून, मग दुसऱ्या गावातून, मग दरी ओलांडून घाटावर, आणि घाटाच्या पलीकडे त्या घरापाशी संपलेली.

"उडी नाही," ती म्हणाली. "पायी गेलाय. सात तास चाललाय. गेम चालण्याचे तास मोजतो. शनिवारी दोनशे बारा होते, आता दोनशे एकोणीस."

"रविवारी मग. सबंध दिवस."

"हो. आणि हे बघा ना." तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "या वाटेवर अकरा पेट्या आहेत. काहींत सोनं आहे, एकीत एक निळी शाल आहे. एकही उघडली नाही. समोरून गेलाय आणि उघडली नाही." तिला खरोखर वाईट वाटलं होतं.

"तू असतीस तर?"

"मी?" ती हसली. "मावशी, मी बंद पेटीसमोरून जाऊ शकत नाही. मी लोकांच्या घरी गेले तरी त्यांच्या फडताळाकडे बघते."

"मुद्दाम सोडल्या असतील. तुझ्यावर संशय येऊ नये म्हणून."

तिनं शाईची बोटं एकमेकांवर घासली. मग म्हणाली, "मला हे सुचलं असतं तर मी परीक्षक झाले असते."

मी तिला दरीबद्दल विचारलं. तिथे एका ओंडक्याचा पूल होता. पहिल्यांदा खेळणारा हमखास पडतो, ती म्हणाली. खाली पाणी आहे, मरत नाही, पण भिजतो, आणि मग ओल्या कपड्यांची खूण कोपऱ्यात दिवसभर दिसत राहते. तशी खूण नव्हती.

"म्हणजे हात सराईत आहे."

"चांगलाच."

"आणि हा असा बसलाय का?"

तिनं मान हलवली. "माझा प्रवासी कधीच असा बसला नाही. मला माहीतच नव्हतं त्याला असं बसता येतं."

३

त्या दगडी घराला खेळणारे उत्तरेचं घर म्हणतात. त्याच्याबद्दल माझ्या कपाटात तीनशे पत्रं आहेत. हा गेम आल्यापासून खेळणाऱ्यांची भांडणं दोनच गोष्टींवर. एक, हा गेम महान आहे की नुसताच मोठा आहे. कुणी लिहितं, मी आयुष्यात इतका मोकळा श्वास घेतला नव्हता; कुणी लिहितं, शंभर तास गवत पाहिलं, माझे शंभर तास परत द्या. आणि दुसरं भांडण, उत्तरेच्या घराचं दार उघडतं का.

हजारो लोक तिथवर पोचले. दारावर थापा मारल्या, तलवारी चालवल्या, मंत्र म्हटले. एकानं तर गेममधले सव्वीस दिवस दारात वाट पाहिली. दार उघडलं नाही. काहीजण म्हणतात ते नुसतं भिंतीवर रंगवलेलं आहे. काहीजण म्हणतात, ज्यानं सबंध खेळात एकदाही उडी मारली नाही, त्यालाच ते उघडतं. पण एकदाही उडी न मारलेला माणूस आणायचा कुठून?

आमच्याकडे एक होता. तळ्याच्या काठावर उभा.

दुपारी मिस्त्री पडद्याच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसला होता. नऊ महिने तो त्या मशीनची धूळ पुसत आलाय. वीज गेली तर चालू राहावं म्हणून त्यानं मोठी बॅटरी लावलीय, उन्हाळ्यात पंखा वळवून ठेवलाय.

"मावशी, मला एवढं सांगा," तो म्हणाला, "त्या माणसाला मी नऊ महिने सांभाळलं. मला त्याला न्यायचं असतं तर कशाला इतके दिवस थांबलो असतो?"

"तू खेळतोस का रे?"

"एकदा प्रयत्न केला होता. दुसऱ्या मशीनवर. त्या ओंडक्यावरून सतरा वेळा पडलो. मुलगी हसायला लागली, मग सोडलं." त्यानं स्टूल दाराकडे सरकवलं. "रविवारी मी घरी होतो. पण हे कोण मानणार? किल्ली माझीच."

त्याचं खरं होतं. मी मानत होते, पण माझ्या मानण्यावर किल्ली परत मिळत नव्हती.

संध्याकाळी पडद्याच्या खोलीत पुन्हा डोकावून बाहेर आले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच बर्फ होतं. जिन्यातला उजेड मऊ झालेला, पायऱ्या जरा लांब लांब गेलेल्या. घरी जाताना चौकातला दिव्याचा खांब दिसला आणि क्षणभर वाटलं, हात लावावा, थेट घरी पोचावं. मग मनाशीच हसून चालत गेले.

४

राहिला दशांश.

दशांश आमचा मुख्य परीक्षक. त्याला हे नाव पडलं कारण तो गेमला दहापैकी सात किंवा आठ असे आकडे देत नाही. सहा दशांश चार, सात दशांश नऊ असे देतो. 'धुक्याचा मुलूख'ला त्यानं चार दशांश तीन दिले होते. वाटसरूला ते इतकं लागलं की स्वतःचं वेगळं परीक्षण लिहायला घेतलं. तेच अर्धं राहिलं.

मंगळवारी सकाळी त्याच्याकडे गेले. वाचकांची पत्रं ठेवायला प्रत्येक परीक्षकाला मी एक ट्रे दिलाय. दशांशचा ट्रे नेहमीप्रमाणे काठोकाठ भरलेला, आणि सगळ्यात वरच्या पाकिटावर चहाचा कप. त्या पाकिटावर कपाची गोल वर्तुळं पडली होती, झाडाच्या खोडात असतात तशी. कितव्या वर्षापासून वाचलं नाही ते त्यावरून मोजता आलं असतं.

"या, मावशी. चौकशी ना?"

"बस म्हणालास तर बसेन."

त्यानं खुर्चीवरची मासिकं खाली ठेवली. डोळे तांबारलेले होते. मी विचारलं, रविवारी कुठे होतास. घरी, म्हणाला. झोपलो होतो.

"तुला काय वाटतं, कुणी नेलं असेल?"

"ज्याला चालायला आवडतं त्यानं. मी तर तसला नाही, हे छापूनच आलंय." त्यानं आपला अंक माझ्यापुढे टाकला. मी त्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचला. मला त्याची भाषा आवडते, आकडे नाही.

"'या खेळात रस्ता म्हणजे दोन घटनांमधली कंटाळवाणी रिकामी जागा आहे. सुदैवानं उडी मारता येते. बाराही गावांत एकेक बूट शिवणारा बसवून ठेवला आहे. त्याला काय काम, ते बनवणाऱ्यांनाच ठाऊक. मी मुलूख एकोणतीस तासांत संपवला आणि त्याच्या दुकानात एकदाही जावं लागलं नाही.'"

"बघा," तो म्हणाला. "मी सात तास चालणारा माणूस आहे?"

"नाहीस," मी म्हणाले. तो सुटल्यासारखा हसला. मग खिडकीकडे बघत, मला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, "वहिनी उद्या येणार ना?"

चौकशीला बसलेल्या माणसानं स्वतःची काळजी करायची असते. हा दुसऱ्याची का करत होता?

५

वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. मागच्या खोलीत एक चाक फिरत असतं, त्यावर पाण्याची बारीक धार, आणि वहिनी काच धरून उभ्या. मी गेले तेव्हा त्यांनी मान वर न करता मला ओळखलं.

"तुम्ही जड पावलानं आलात. काय झालं?"

"सहज आले. चष्मा सैल झालाय."

त्यांनी माझा चष्मा काढून घेतला आणि स्क्रू पिळायला लागल्या. चष्म्याशिवाय सगळं दुकान धुक्यात गेलं. बरंच झालं, त्यांच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलता आलं नसतं.

"उद्या येतेय मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हसू येत असेल. नवरा गेला आणि ही बाई टीव्हीतल्या माणसाला भेटायला येते."

"नाही येत हसू."

"मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही. हातात घेऊन कधी पाहिला नाही. पण रोज ताटावर बसलो की तो त्या मुलखाच्या गोष्टी सांगायचा. घरात कडी तुटलीय, नळ गळतोय, ते नाही. आज कुठपर्यंत गेलो, कुरणात कुणाचं वासरू हरवलं होतं, हे." चाक थांबलं. "शेवटच्या दिवशीही तेच. म्हणाला, आता तळ्यावर उभा केलाय. पलीकडच्या गावात आधी बूट शिवून घ्यायचे, मग घाट. घाटापलीकडे एक घर आहे, तिथे पोचलो की आकडा लिहितो. मी म्हटलं, तुझ्या त्या माणसाचे बूट तू चार वेळा शिवलेस आणि माझी चप्पल महिनाभर पिशवीत पडलीय. हसला. ताट घेऊन उठला." त्यांनी चष्मा माझ्या नाकावर ठेवला. "मग पडला."

दुकान पुन्हा स्पष्ट झालं.

"बूट शिवून घ्यायचे, असं म्हणाला?"

"हो. का?"

मी काहीतरी पुटपुटले आणि निघाले. दाराशी त्या म्हणाल्या, "उद्या काहीतरी वाईट बघायला लागणार आहे का मला?"

मी वीस वर्षं लोकांची पत्रं उघडतेय. पण असा प्रश्न कुठल्याच पत्रात आला नव्हता.

६

ऑफिसात आले तेव्हा दशांश जागेवर नव्हता. मी कप उचलून बाजूला ठेवला आणि ट्रेमधली सगळी पत्रं माझ्या टेबलावर ओतली.

बूट. आठवत होतं ते बरोबर होतं. त्याच्या परीक्षणानंतर आलेली पत्रं मीच तारखेनं लावून त्याला दिली होती, आणि त्यातली एक्केचाळीस नुसती बुटांवर होती. कुणी हसून लिहिलेली, कुणी रागावून. एका नर्सचं पत्र सगळ्यात वर होतं, गोल वर्तुळांखाली: "तुमच्या परीक्षकांना सांगा, चाललं की बूट झिजतात. उडी मारणाऱ्याला कळणार नाही. तीन गावांत एकदा तरी शिवून घ्यावे लागतात. नाही घेतले तर घाटात फाटतात आणि प्रवासी खाली बसतो, पुन्हा उठत नाही. माझा बसला होता. आमच्या वॉर्डातले सगळे पेशंट माझी समजूत काढत होते."

मी नकाशाताईला हाक मारली. तिनं पडद्यावर प्रवाशाची पिशवी उघडली. कंदील, दोरी, अर्धी भाकर. आणि बूट, त्यांच्यावर लाल फुली.

"फाटलेत," ती म्हणाली. "पण वाटेत दोन दुकानं होती. माझ्या नकाशावर दोन्ही ठिकाणी हातोडी काढलीय. मी तर दिसलं दुकान की आत जाते."

"रेघ दुकानात वळलीय?"

तिनं पाहिलं. "दोन्ही दुकानांच्या दारावरून सरळ गेलीय."

दशांश मला गच्चीकडच्या जिन्यात सापडला. पायरीवर बसला होता, दुपारचं ऊन गुडघ्यांवर घेऊन. मी शेजारी बसले. माझ्या गुडघ्यांना ते आवडलं नाही.

"मिस्त्री ओंडक्यावरून पडला असता," मी म्हणाले. "वहिनीही पडल्या असत्या, आणि त्यांना तर पुढच्या गावात बूट शिवायचेत हे ठाऊक होतं. नकाशाताईनं एखादे वेळी पेट्या सोडल्या असत्या, पण दुकानावरून सरळ गेली नसती. तिचेच नकाशे आहेत ते. हे नेणाऱ्या माणसाचा हात तरबेज आहे, खेळ त्याला पाठ आहे, आणि तरी बूट झिजतात एवढं त्याला माहीत नाही. असा माणूस एकच असतो. ज्यानं सगळा मुलूख पाहिलाय आणि कधी चालला नाही."

त्यानं पाय उन्हातून मागे घेतले.

"एक्केचाळीस लोकांनी तुला लिहून कळवलं होतं रे. कपाखाली होतं."

"मला परत आणायचं होतं त्याला," तो म्हणाला. "तळ्यावर. रविवारी रात्रीपर्यंत. कुणाला कळलंही नसतं."

"आणि गेलास कशाला?"

"आमचं शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं. मी म्हटलं, रस्त्यात असतं काय? तो म्हणाला, चालून बघ, मग बोल. त्याला कधी उत्तर दिलं नाही मी. अर्धं परीक्षण राहिलंय त्याचं. म्हटलं, दारापर्यंत नेतो, उघडतं का बघतो, त्याचा आकडा त्याला मिळू दे." तो हसला, पण ते हसू नीट जमलं नाही. "सकाळी निघालो तेव्हा घड्याळ बघत होतो. मग कुरणापाशी पाऊस आला, मावशी. आणि मी झाडाखाली थांबलो. गेममधला पाऊस तो. मी कुठे भिजणार होतो? पण थांबलो. शेजारी एक गाय उभी होती. आम्ही दोघं थांबलो."

"मग?"

"मग घाट. चंद्र होता तिथे. दार दिसलं आणि तो खाली बसला. मी दोन तास बटणं दाबत होतो. त्याला पुढेही नेता येत नव्हतं आणि मागेही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "एकदाच चाललो आणि दुसऱ्याचे पाय मोडून बसलो. उद्या वहिनींना मी काय दाखवू?"

मी त्याला पहिल्यांदा मिस्त्रीकडे पाठवलं. दोघांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. संध्याकाळी किल्ली मिस्त्रीच्या खणात होती. खण मात्र बंद होता.

७

बुधवारी चारला वहिनी आल्या. दाराशी चपला काढल्या. आम्ही पाचहीजण भिंतीला टेकून उभे होतो, लग्नात ओळख नसलेले पाहुणे उभे राहतात तसे. संपादकांनी डोळे मिटून घेतले होते.

वहिनी पडद्यासमोर बसल्या. तिथे बर्फ पडत होतं, कंदील मिणमिणत होता.

"कुठेय हा?"

"घाटापलीकडच्या घरापाशी," दशांश म्हणाला. "मी नेला. तुम्हाला न विचारता. त्याचे बूट फाटले, वहिनी. वाटेत शिवायला हवे होते, मला माहीत नव्हतं. आता तो उठत नाही. परत तळ्यावर नेता येत नाही."

मला वाटलं त्या रडतील, किंवा त्याला बोलतील. त्यांनी मान जराशी कलती करून पडद्याकडे पाहिलं. चष्म्याची काच उजेडात धरून बघतात तसं.

"दमलाय," त्या म्हणाल्या. मग, "हे घर म्हणजे तेच का, तो सांगायचा ते?"

"तेच."

"मग दारातच बसलाय की. तीन पावलं तर राहिलीत."

"बूट फाटले की चालता येत नाही," नकाशाताई हळूच म्हणाली.

वहिनींनी वळून आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. आम्ही सगळे जरा मंद असावेत असं त्यांना वाटलं असावं.

"अहो, मग बूट काढा ना त्याचे. घराच्या दारात आलाय. आत जाताना कोण बूट घालतं?"

नकाशाताईनं तोंडावर हात ठेवला. "काढता येतात का ते?" ती म्हणाली. "मी कधी... बूट बदलतात. नवे घातले की जुने जातात. नुसते काढून कुणी..."

दशांशनं कंट्रोलर उचलला. पिशवी उघडली, बुटांवर थांबला, खाली गेला. तिथे एक शब्द होता. इतके दिवस तिथेच होता आणि कुणी त्याला हात लावला नव्हता. 'उतरव.'

प्रवाशानं मान वर केली. वाकून एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही नीट जोडून ठेवले. मग जमिनीवर हात टेकून, वय झालेला माणूस उठतो तसा, उठला.

"घ्या," दशांश म्हणाला आणि कंट्रोलर वहिनींपुढे धरला. "ही काठी नुसती पुढे ढकलायची."

"मला येत नाही."

"तीनच पावलं आहेत."

वहिनींनी अंगठा ठेवला. तो चालला. अनवाणी, बर्फात. पहिलं पाऊल, दुसरं. तिसऱ्याला दार आपसूक मागे सरकलं.

आत मोठा खजिना असेल असं लोकांनी मला पत्रातून कळवलं होतं. राक्षस असेल, राजा असेल, दुसरा मुलूख असेल. आत एक लहान खोली होती. चूल पेटलेली, एक चटई. कुणीतरी पाठमोरं बसून काही शिवत होतं. त्यानं वळून पाहिलं नाही. नुसता आवाज आला: "आलास? दार लोटून घे. धुकं आत येतं."

प्रवाशानं दार लोटलं. कंदील खुंटीला लावला. चटईवर आडवा झाला आणि शाल अंगावर ओढून घेतली.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनींनी पदरानं चष्मा पुसला.

"तळ्याकाठी उभा दिसायचा ना," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्याला कुठेतरी जायचंय आणि माझ्यामुळे हा थांबलाय." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाल्या, "आता बंद करा ते मशीन. झोपू दे त्याला."

मिस्त्रीनं संपादकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मशीनवरून एकदा फडकं फिरवलं आणि बटण दाबलं. नऊ महिन्यांनी खोलीतली घरघर थांबली. तेव्हा कळलं, ती इतके दिवस होती.

वाटसरूचं परीक्षण पुढच्या अंकात आलं, अर्धं त्याचं, अर्धं दशांशचं. खाली आकडा नव्हता. दार कसं उघडतं तेही लिहिलं नव्हतं. एवढंच होतं की ते रंगवलेलं नाही. त्यावर पाचशे पत्रं आली. दार उडी न मारल्यानं उघडतं की आणखी कशानं, यावर लोक अजून भांडतायत. मला उत्तर ठाऊक नाही. आमच्या माणसानं दोन्ही केलं होतं.

पुढच्या बुधवारी चार वाजता दाराशी चपला काढल्याचा आवाज आला. मी बाहेर आले.

"वहिनी, मशीन बंद आहे."

"माहितेय की. मीच बंद करायला लावलं." त्या आत येऊन माझ्या टेबलासमोर बसल्या. "चहा आहे ना?"

चहा होता. दशांशनं त्यांचा कप आणून दिला आणि स्वतःचा घेऊन आपल्या टेबलाशी गेला. ट्रे पुन्हा भरला होता. तो कप हातात धरून जरा वेळ उभा राहिला, कुठे ठेवावा ते सुचत नसल्यासारखा. मग खाली वाकून त्यानं तो फरशीवर ठेवला आणि वरचं पाकीट उघडलं.